मागच्या वाफ्याची मोजणी

मोजणीदार साडेआठला येणार होता, म्हणून धाकटी सहालाच बागेत उतरली. भिंत व्हायचीच असेल तर निदान झिनियाची रोपं आधी काढून कुंड्यांत घ्यावीत, एवढाच तिचा विचार होता. परवाच लावलेली, जेमतेम बोटाएवढी रोपं. चुन्याची रेघ पडली की त्यावरून गवंडी चालणार, विटा पडणार.

पण तिच्या आधीच थोरली जाऊ तिथं होती. नळाशेजारच्या दगडावर बसून ती कात्रीने कापडाच्या पट्ट्या कापत होती. तांबड्या वेगळ्या, निळ्या वेगळ्या.

"कधी उठलात, ताई?"

"झोपले असते तर उठले असते."

"आणि हे काय?"

"चिंध्या. दुकानातलं उरलंसुरलं." थोरलीचं कपडे शिवायचं दुकान होतं आणि तिच्याकडे कशाच्याही चिंध्या निघत. "जमीन वाटायची तर झाडं नकोत का वाटायला? यांची असतील त्यांना तांबडी, तुझ्या नवऱ्याची असतील त्यांना निळी. आणि बांधायच्या दोघा भावांनीच. आपण हात लावायचा नाही."

"ते दोघं बोलत नाहीत एकमेकांशी."

"गाठ मारायला बोलावं लागत नाही."

धाकटी रोपांशी खुरपं घेऊन बसली, तोच थोरली म्हणाली, "ती राहू देत तिथंच."

"तुडवली जातील, ताई."

"राहू देत म्हटलं ना."

बारा वर्षांत थोरली तिच्याशी अशा आवाजात दोनतीनदाच बोलली होती. धाकटीने खुरपं खाली ठेवलं.

आठ महिन्यांपूर्वी थोरल्याने बाबांचा छापखाना विकून टाकला. कुणाला विचारलं नाही. यंत्रं टेम्पोत चढली, किल्ली गेली, आणि धाकट्याला ते कळलं त्याच्या चष्म्याच्या दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाकडून. त्या संध्याकाळी दोघं भाऊ शेवटचं बोलले. महिन्याभरात घराची वाटणी झाली. खालचा मजला थोरल्याचा, वरचा धाकट्याचा, दोन स्वयंपाकघरं, जिन्याला वेगळं दार. निरोप न्यायला-आणायला दोन जावा आणि मध्ये आई. राहिली होती ती मागची बाग. भिंत धाकट्याने मागितली आणि थोरल्याने एका शब्दात हो म्हटलं. त्याच्या त्या एका शब्दाचंच सगळ्यांना नवल वाटलं होतं.

बाग म्हणजे तसं पाहिलं तर एकच लांब वाफा. मागच्या कुंपणाला धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत. अर्ध्यावर शेजारच्या मोठ्या झाडाची सावली, अर्ध्यावर दिवसभर ऊन. थोरली लग्न होऊन आली तेव्हा तिने सावलीत नेचे लावले, कोलियस लावला, राखी पानांची झुडपं लावली. फुलांवर तिचा विश्वास नव्हता. आठ दिवस मिरवतात आणि मग त्यांच्या मागे झाडू घेऊन फिरायचं, असं तिचं मत. सहा वर्षांनी धाकटी आली. ती रंगाच्या दुकानात काम करायची, भिंतींना हव्या त्या छटा मिसळून द्यायची. तिने आल्या वर्षीच उन्हातल्या भागात नारिंगी झिनिया, किरमिजी डेलिया आणि पिवळी शेवंती एकाला एक लागून लावली. ती सगळी फुलली तेव्हा वाफ्याकडे बघून डोळे मिटून घ्यावेसे वाटत. थोरलीने एके सकाळी आपली राखी झुडपं उपटून फुलांच्या मधेमधे नेऊन लावली.

"अस्तराशिवाय कोट अंगावर बसतो का?" एवढंच ती म्हणाली होती.

तेव्हापासून वाफा दोघींचा झाला. उन्हाळ्यात झिनियाच्या मागे गडद पानांची कर्दळ. पावसात फुलं कुजू लागली की कोलियस आणि नेचे सगळा भार उचलत. शेवंती टाकीमागे कुंड्यांत वाढायची आणि थंडी पडली की झिनियाच्या रिकाम्या जागी कुंडीसकट मातीत बसायची. हिवाळा सरता सरता नेच्यांमधून लिली वर यायची. ती फुलून गेली, तिची पानं पिवळी पडून लोळू लागली, की नेच्याची नवी पानं उलगडून त्यांना झाकून टाकायची. कुठला कंद कुणी आणला, कुठलं पान कुणाचं, हे त्या दोघींनाही आता सांगता आलं नसतं.

आज लिली ऐन फुलात होती, आणि भिंतीची रेघ बरोबर तिच्यावरून जाणार होती.

*

आईची खुर्ची मागच्या दारात मांडली होती. घर तिच्या नावावर होतं, त्यामुळे नकाशावर तिची सही लागणार होती. दोघं मुलगे वेगवेगळ्या वेळी तिच्याजवळ येऊन एकच वाक्य बोलून गेले होते, "आई, तू फक्त सही कर, बाकीचं आम्ही बघतो." तिला मनात हसू आलं होतं. लहानपणी काच फोडली की दोघं असेच वेगवेगळे येऊन एकच थाप मारायचे.

मोजणीदार वेळेवर आला. पन्नाशी ओलांडलेला, उन्हाने रापलेला माणूस. त्याने खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, फीत धरली. थोरला एका अंगाला उभा, धाकटा दुसऱ्या. मध्ये दोरी.

थोरलीने दोघांच्या हातांत चिंध्यांची एकेक जुडी दिली आणि काय करायचं ते सांगितलं.

"हे कशाला?" थोरला म्हणाला. "दोरीच्या इकडचं माझं, तिकडचं त्याचं. संपलं."

"नेचे इकडे सावलीत आहेत, पण लावलेत तिकडेही. शेवंतीच्या कुंड्या तुमच्या टाकीमागे आहेत, शेवंती त्यांची. असं अर्धवट मला चालायचं नाही," थोरली म्हणाली. "पुन्हा भांडण नको. आजच काय ते होऊन जाऊ दे."

"वहिनींचं बरोबर आहे," धाकटा मोजणीदाराकडे बघत म्हणाला. "त्यांना विचारा, त्या कोपऱ्यातला गुलाब कुणाचा."

"साहेब, ते इथंच उभे आहेत," मोजणीदार म्हणाला.

"तरी विचारा."

मोजणीदाराने थोरल्याकडे मान वळवली. "गुलाब कुणाचा?"

"बाबांनी लावलेला."

"म्हणजे कुणाच्या नावावर?"

"बाबांच्या."

"त्यांच्यासाठी चिंधी दिलेली नाही बाईंनी."

आईने पदर तोंडाला लावला. धाकटीलाही हसू आवरेना. दोघे भाऊ मात्र दोन खांबांसारखे उभे. शेवटी गुलाबाला दोन्ही चिंध्या बांधल्या गेल्या आणि मंडळी पुढे सरकली. कर्दळ, तांबडी. डेलियाचे कंद, निळी. कोलियसपाशी अर्धा तास गेला, कारण तो मूळचा एकच होता आणि फांद्या तोडून तोडून सगळीकडे लावलेला होता. थोरली आणि धाकटी मागे हात बांधून उभ्या होत्या. कुणी काही विचारलं की थोरली म्हणे, "तुम्ही दोघं ठरवा."

मग लिली आली.

"इथं नुसती चिंधी बांधून भागणार नाही," मोजणीदार म्हणाला. "पाया दोन फूट खोल जाईल. कंद काढावे लागतील."

धाकट्याने फावडं घेतलं. त्याला बागेतलं काही कळत नव्हतं, पण भिंत त्याने मागितली होती, तेव्हा मागे हटणं शक्य नव्हतं. त्याने पहिला घाव घातला. नेच्याची मुळं जाळीसारखी वर आली आणि त्यांच्यात गुंतलेला, मधोमध चिरलेला एक पांढरा कंद. फुलं धरलेला दांडा हळूच कलला आणि आडवा झाला.

धाकटी खाली बसली. तिने दांडा उचलला, कंदाचे दोन तुकडे उचलले आणि नवऱ्याकडे वर न बघताच म्हणाली, "दुसरा घाव मी असताना घालायचा नाही. मी वर जाते, मग घाला. पण आज रात्री माझ्याशी बोलू नका, उद्याही नको."

धाकटा फावडं धरून तसाच राहिला.

"थांबा जरा," थोरला म्हणाला. त्याला बहुधा धाकटीची समजूत घालायची होती. तो दोरी ओलांडून तिच्याकडे निघाला, चार पावलं सरळ चालला, आणि झिनियाच्या कोवळ्या रोपांच्या ओळीवरून चालला. एक, दोन, तीन, चार. पाचव्या पावलाला त्याचा डावा खांदा नळाच्या खांबावर आदळला.

"डोळे फुटले का तुझे?" धाकटा ओरडला.

आठ महिन्यांनी तो भावाशी थेट बोलला होता.

*

थोरल्याने खाली बघितलं. नुसती नजर खाली-बाजूला टाकली नाही, तर सगळं डोकं डावीकडे वळवलं, मग आणखी वळवलं, तेव्हा कुठे त्याला पायाखालची रोपं सापडली. धाकट्याने अशी मान वळवणारी माणसं रोज बघितली होती. दुकानात येताना दाराच्या चौकटीला घासून येणारी, काउंटरवर ठेवलेली फ्रेम हाताने चाचपणारी. नंबर तपासायला बसवलं की समोरची सगळ्यात बारीक ओळ घडाघडा वाचणारी, आणि म्हणूनच आपल्याला काही झालेलं नाही अशी खात्री असलेली.

त्याला एकेक आठवू लागलं. दादाने स्कूटर सोडली होती, पाठ दुखते म्हणून. जिना उतरताना तो कठड्याला धरून उतरायचा. त्याही आधी, आईच्या आजारपणात, दादाच्या कोपराने दोनदा औषधाची बाटली पडली होती आणि सगळे त्याला वेंधळा म्हणून हसले होते.

त्याने फावडं टाकलं आणि भावासमोर जाऊन उभा राहिला.

"उजवा डोळा झाक."

"काय पोरखेळ लावलायस, बारक्या."

"झाक म्हणतो ना. आणि माझ्या नाकाकडे बघ. फक्त नाकाकडे."

काय वाटलं कोण जाणे, थोरल्याने तळहात डोळ्यावर धरला. धाकट्याने आपला हात बाजूला लांब नेला आणि दोन बोटं वर केली.

"बोटं किती?"

"कुठली बोटं?"

त्याने हात जवळ आणला. आणखी जवळ. हात जवळजवळ धाकट्याच्याच कानाशी आल्यावर थोरला म्हणाला, "दोन."

"आता दुसरा."

दुसरा जरा बरा होता. जराच.

"मी डॉक्टर नाही," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज दुकानातला झाला होता, सावकाश आणि सपाट. "पण तुला बाजूचं दिसत नाही, म्हणून शंका आहे. काचबिंदूची."

"शंका कशाला? आहेच तो. वर्ष होऊन गेलं."

"कुणी सांगितलं?"

"दुसऱ्या गावच्या डॉक्टरने."

"थेंब दिलेत?"

"दिलेत."

"रोज घालतोस?"

थोरला आपटलेला खांदा चोळू लागला.

"दादा, रोज घालतोस का?"

"आठवलं की घालतो."

मोजणीदाराने हळूच फीत गुंडाळली आणि तो आईच्या खुर्चीशेजारी पायरीवर जाऊन बसला. अशा वेळी कुठं बसायचं असतं हे त्याला धंद्याने शिकवलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?" धाकट्याने विचारलं. "अख्खं गाव माझ्याकडे डोळे तपासायला येतं."

थोरला नळाच्या खांबाला टेकला. "कागद कापायचं मशीन आठवतं? बाबांच्या वेळचं. त्यावर मी बसलो होतो. समोर आपला बाइंडर गठ्ठा सरळ करत होता, डाव्या हाताला. मी कळ दाबली. त्याचा हात मला दिसलाच नाही. पातं त्याच्या नखाला घासून खाली आलं. नखाला. तो हसला, म्हणाला, मालक, जरा बघून. दुसऱ्या दिवशी मी गिऱ्हाईक शोधायला लागलो."

"मला एक शब्द बोलला असतास तर..."

"तर तू दुकान बंद करून त्या मशीनवर येऊन बसला असतास. नाही म्हणू नकोस, मी ओळखतो तुला. मला बाबांनी कॉलेजातून उठवून तिथं बसवलं. मी तक्रार केली नाही, पण तुला बसवणार नव्हतो."

"आणि भिंत? भिंतीला एका शब्दात हो म्हणालास."

"भिंत झाली की तू मला रोज बघणार नव्हतास," थोरला म्हणाला. "मला तेच हवं होतं."

आई खुर्चीतून उठली. काठी न घेताच ती पायऱ्या उतरू लागली, तशी धाकटी धावली आणि तिने तिला धरलं. आई थोरल्यापाशी आली. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत घेतला, जरा वेळ बघितलं आणि मग धाकट्याकडे वळली.

"याला किती दिसेल?"

"गेलंय ते परत येत नाही, आई. आहे ते राखता येतं. पण त्यासाठी थेंब रोज घालावे लागतात, आणि डॉक्टरकडे जावं लागतं." तो भावाकडे बघून म्हणाला, "उद्या नऊ वाजता. मी घेऊन जाणार आहे. तुला विचारत नाहीये."

"छापखान्याचा राग गेला का?" थोरल्याने विचारलं.

"नाही गेला. तो मी सावकाश काढीन. उद्या नऊ वाजता."

*

थोरली इतका वेळ जागची हलली नव्हती. आता ती पुढे झाली, पहिल्या खुंटीपाशी वाकली आणि दोरी सोडून हातावर गुंडाळू लागली, रिकाम्या रिळावर दोरा गुंडाळावा तशी.

"काय करतेस?" नवऱ्याने विचारलं.

"दोरी काढतेय."

दुसऱ्या टोकाची खुंटी धाकटीने उपटली. तिसरीही. धाकटा बघत राहिला, पण अडवायला गेला नाही.

थोरली दोरी घेऊन मोजणीदारासमोर आली. "लिहून घ्या. घर दोन वाटण्यांचं राहू दे. स्वयंपाक दोन राहू देत, जिन्याचं दार राहू दे. कुणी कुणावर रुसायचं असेल तर खुशाल रुसावं. मागची बाग सामाईक. तिच्यात भिंत नाही, तार नाही, वर्षाने नाही आणि दहा वर्षांनीही नाही. असं नकाशावर लिहा, मग आई सही करतील."

"दोघा मालकांची संमती लागेल, बाई."

"विचारा ना त्यांना. इथंच उभे आहेत."

मोजणीदाराने धाकट्याकडे बघितलं. धाकट्याने आधी बायकोकडे बघितलं. तिच्या हातात अजून चिरलेला कंद होता.

"हो," तो म्हणाला.

"माझीही," थोरला म्हणाला.

आईने पायरीवरच नकाशा मांडीवर घेऊन सही केली. मोजणीदार चहा पिऊन गेला. जाताना म्हणाला की इतक्या वर्षांत एकही खुंटी जागेवर न ठेवता तो पहिल्यांदाच परत चाललाय.

दुपारभर दोघी जावा मातीत होत्या. नेचा मुळांसकट परत बसवला, चिरलेल्या कंदाच्या तुकड्यांना राख लावून सावलीत ठेवलं. जगले तर जगले. झिनियाची चार रोपं गेली, सात वाचली. सगळ्या चिंध्या सोडल्या.

"ताई," धाकटी बोटांतली माती झटकत म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

थोरली नेच्याभोवतीची माती दाबत राहिली. "त्यांनी शपथ घातली होती. बारक्याला बोलायचं नाही, आईंना बोलायचं नाही, कुणालाच नाही. बोलले का मी?"

"नाही."

"मग झालं तर. त्या दोघांनी बागेत चालायचं नाही अशी काही शपथ नव्हती."

धाकटीने तुडवलेली रोपं एका हातात गोळा केली. मग म्हणाली, "माझी चार रोपं गेली त्यात."

"आठ देईन."

"आठ नकोत. वाट नीट करू." धाकटी उठून वाफ्याच्या कडेने चालत गेली. "हे बघा, इथं कडेला सगळा गडद कोलियस आहे. माती काळी, पान गडद. त्यांना वाफा कुठं सुरू होतो तेच कळत नसेल. दुकानात आम्ही पायरीच्या कडेला फिका पट्टा मारायला सांगतो, म्हाताऱ्या माणसांच्या घरी. तसं करू. पांढऱ्या काठाची पानं लावू. आणि त्यांच्यात पिवळं काहीतरी, बारा महिने फुलेल असं."

"बारा महिने एकच फूल नाही पुरणार. ऋतूला ऋतू जोडावा लागेल. आता झेंडू, पावसात पिवळी लिली..."

"थंडीत पिवळी शेवंती. बुटकी."

"पण पानं कायमची. फूल नसलं तरी कड दिसली पाहिजे." थोरलीने हात झटकले. "आपण इथं बसून ठरवतोय. ज्याला दिसायचं त्यालाच विचारू."

ऊन उतरायला लागलं होतं. धाकटी टाकीमागून पांढऱ्या काठाच्या पानांच्या कुंड्या घेऊन आली, शेजारणीकडून झेंडूचं एक फुललेलं रोप मागून आणलं. थोरल्याला हाक मारून वाटेच्या मधोमध उभं केलं. तो संकोचला होता, हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. धाकटा त्याच्या समोर, दहा पावलांवर जाऊन उभा राहिला.

"माझ्याकडे बघ. मान वळवायची नाही, दादा."

"नाही वळवत."

"वळवतोयस."

"बरं."

थोरली कुंडी घेऊन वाफ्याच्या पलीकडच्या अंगाला, नवऱ्याच्या डावीकडे जाऊन उभी राहिली. पांढऱ्या काठाची पानं, त्यांच्यात खोचलेलं पिवळं फूल.

"दिसतं?"

"नाही."

ती एक पाऊल आत आली. "आता?"

"नाही."

अजून एक पाऊल. धाकटी खुरपं घेऊन तिच्या मागोमाग येत होती.

"आता?"

थोरला भावाच्या चेहऱ्याकडे टक लावून उभा होता. धाकट्याने पापणीही हलवली नाही. थोरली आणखी अर्धं पाऊल पुढे सरकली.

"आता दिसतं," थोरला म्हणाला.

"मग इथं," थोरली म्हणाली, आणि धाकटीने खणायला सुरुवात केली.